दूरध्वनीधारक आणि शेजारी : वरळीच्या बीडीडी चाळींच्या संदर्भात मुंबईतील दूरध्वनी नियमनाचा इतिहास

प्रास्ताविक

मुंबईच्या सामाजिक इतिहासलेखनात गिरणी, चाळ, संप, स्थलांतर आणि घरांचा प्रश्न यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. पाणीपुरवठा, ट्राम, रेल्वे यांसारख्या नागरी सेवांवरही बरेच लेखन झाले आहे. दूरध्वनी मात्र या लेखनात क्वचितच आढळतो. आणि आढळला तरी तो तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा एक टप्पा म्हणून, किंवा १९९० नंतरच्या आर्थिक उदारीकरणाचे यशोगान म्हणून. दूरध्वनी कोणाच्या नावावर होता, तो प्रत्यक्षात कोण वापरत होते आणि कायदा या दोघांपैकी कोणाला ओळखत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारण्यास वरळीच्या बीडीडी चाळींइतके योग्य ठिकाण मुंबईत शोधूनही सापडणे कठीण. येथे दूरध्वनी हे दीर्घकाळ एका कुटुंबाच्या नावावरचे आणि अनेक कुटुंबांच्या वापरातले साधन होते. नियमनाची सारी रचना मात्र ‘दूरध्वनीधारक’ या एकाच व्यक्तीभोवती उभी राहिली होती. प्रतीक्षायादी त्याची, देयक त्याचे, जबाबदारी त्याची आणि तक्रारीचा अधिकारही त्याचाच. त्याच्या दारात उभा राहून बोलणारा शेजारी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. धारक आणि वापरकर्ता यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले, धोरणाने ते कधी ओळखले आणि कधी दृष्टिआड केले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

वरळीची वसाहत

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या खात्याची स्थापना झाली. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात सुमारे १६,००० खोल्या बांधून झाल्या आणि काम थांबले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, अशी प्रत्येक चाळीत ८० खोल्यांची रचना. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. शौचालये सामाईक. आरंभी यांतील कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाडे परवडत नव्हते आणि गिरण्यांपासूनचे अंतरही सोयीचे नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला, यावरून या इमारतींची बांधणी कोणत्या मनोवृत्तीतून झाली होती याची कल्पना येते.

पुढे या वसाहतीत गिरणी कामगार, पोलीस, महापालिकेचे व शासनाचे कनिष्ठ कर्मचारी यांची वस्ती वाढली. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर येथून आलेली कुटुंबे आणि मोठ्या संख्येने दलित समाज येथे स्थिरावला. मालकी शासनाची आणि व्यवस्थापन सार्वजनिक बांधकाम खात्याचे राहिले.

दूरध्वनीच्या इतिहासाच्या दृष्टीने या रचनेतील एक गोष्ट महत्त्वाची आहे. गिरगावातील चाळींना रस्त्याकडे किंवा चौकाकडे उघडणारी गॅलरी असते. बीडीडी चाळीचा बोळ इमारतीच्या पोटात आहे. एका टोकाला वाजलेली घंटा दुसऱ्या टोकाच्या खोलीत ऐकू जाते. सामाईक दूरध्वनीचे वर्तुळ किती मोठे असेल, हे ठरविण्यात वास्तुरचनेचाही वाटा असतो.

कंपनीपासून खात्यापर्यंत

मुंबईत दूरध्वनी आला तो व्यापाऱ्यांसाठी. १८८१ मध्ये इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास आदी शहरांत दूरध्वनी केंद्रे उघडण्याचा परवाना मिळाला आणि १८८२ मध्ये मुंबईचे केंद्र सुरू झाले. त्याआधी, १८८० साली, लंडनच्या न्यायालयाने एडिसन टेलिफोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात दूरध्वनी हा कायद्याच्या अर्थाने ‘तार’च होय असा निर्णय दिला होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रावरील अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला आणि ‘तार’ या संज्ञेची व्याप्ती एवढी मोठी ठेवली की त्यात दूरध्वनी सहज सामावला. एकोणिसाव्या शतकातील हा कायदा एकविसाव्या शतकातील मोबाइलपर्यंत पुरला.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी कंपन्या १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. तेव्हापासून १९८६ पर्यंत मुंबईचा दूरध्वनी हा खात्याचा विषय राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात एक लाखाहूनही कमी दूरध्वनी होते. १९४८ साली बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली, यंत्रसामग्री देशात तयार होऊ लागली. तथापि पंचवार्षिक योजनांच्या अग्रक्रमात दूरध्वनी फार खाली होता. तो चैनीचा विषय मानला जाई. ज्या अर्थव्यवस्थेत पोलाद आणि धान्य यांची टंचाई होती तिथे ही भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र चैनीची वस्तू म्हणून दुर्लक्षिलेल्या या सेवेचे वाटप ज्या पद्धतीने झाले, ती पद्धत समतेची होती असे म्हणता येत नाही. अर्जदारांच्या वेगवेगळ्या श्रेणी असत. मोठी रक्कम आगाऊ भरणाऱ्यांसाठी ‘ओन युवर टेलिफोन’ ही योजना, डॉक्टर, पत्रकार आदींसाठी विशेष श्रेणी, आणि उरलेल्यांसाठी सर्वसाधारण यादी. त्याशिवाय खासदारांच्या शिफारशीचा कोटा आणि दूरध्वनी सल्लागार समित्या होत्याच. सर्वसाधारण यादीत नाव नोंदविणाऱ्याला वर्षानुवर्षे थांबावे लागे. गिरणीच्या पगारावर घर चालविणाऱ्या कुटुंबाला पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होत्या.

यामागे तांत्रिक कारणेही होती आणि ती केवळ सबबी नव्हत्या. दूरध्वनी केंद्रातून निघालेली जाड केबल रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये येते, तिथून पिलरमध्ये, आणि शेवटी भिंतीवरच्या डीपी नावाच्या लहानशा पेटीत. या पेटीत सहसा तारांच्या दहा जोड्या असतात आणि एका दूरध्वनीला एक जोडी लागते. ऐंशी खोल्यांच्या चाळीला अशी एक पेटी मिळाली तर आठ घरांमागे एक दूरध्वनी, हे तिथेच ठरून जाई. पेटीतील जोडी रिकामी नसेल तर यादीत क्रमांक लागूनही उपयोग नसे. शिवाय कागदी वेष्टनाच्या जुन्या केबलमध्ये पावसाळ्यात पाणी शिरले की एकाच वेळी अनेक दूरध्वनी मुके होत. यंत्रणेची आखणी करतानाही एक दूरध्वनी म्हणजे एक घर असेच गृहीत धरले जाई. गर्दीच्या तासाला किती जण एकाच वेळी बोलतील याचा अंदाज घरगुती वापरावरून बांधलेला असे. वीस घरांच्या वापरातला दूरध्वनी या अंदाजात कोठेच बसत नव्हता. तो सदैव ‘एंगेज’ लागे.

‘पी.पी.’ क्रमांक

या टंचाईतून चाळीने स्वतःची व्यवस्था निर्माण केली. तिचे नाव ‘पी.पी.’. ट्रंक कॉलच्या परिभाषेत ही आद्याक्षरे विशिष्ट व्यक्तीशीच बोलणे जोडून देण्याच्या सोयीसाठी वापरली जात. मुंबईच्या मध्यम व कामगार वस्त्यांत मात्र ‘पी.पी.’ म्हणजे शेजाऱ्याचा, दुकानदाराचा किंवा ओळखीच्याचा दूरध्वनी क्रमांक. नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, विम्याच्या कागदावर, शाळेच्या प्रवेशपुस्तकात क्रमांकापुढे कंसात ‘पी.पी.’ असे लिहिले जाई आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. ज्याच्या नावावर दूरध्वनी नाही अशा व्यक्तीलाही क्रमांक असू शकतो, ही कल्पना कोणत्याही कायद्याने मान्य केलेली नव्हती. समाजाने ती सहज मान्य केली.

या व्यवस्थेचे स्वतःचे नियम होते. बाहेरून आलेल्या दूरध्वनीवर ‘थोडं थांबा, बोलावतो’ असे सांगून कोणा मुलाला मजल्यावर पिटाळायचे. बोळातून नाव पुकारले जायचे. ती व्यक्ती हातातले काम टाकून धावत यायची. रात्री उशिरा किंवा दुपारच्या झोपेच्या वेळी बोलावणे आले तर ते फार निकडीचे असावे अशी अपेक्षा असे. बाहेर दूरध्वनी करायचा झाल्यास डब्यात पैसे टाकायचे, हिशेब वहीत लिहायचा, किंवा काहीच न देता सणावारी फराळाचे ताट पाठवायचे. डायलला लावलेले लहानसे कुलूप हा या काळाचा एक परिचित पुरावा. त्या कुलपात संशय होता तसाच द्विमासिक देयकाचा धाकही होता.

या शेजारधर्माचे गोडवे गाणारे स्मृतिलेखन मराठीत विपुल आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. दूरध्वनी ज्याच्या घरी त्याला बोळातील सर्वांच्या बातम्या आधी कळत. कोणाला नोकरीचे बोलावणे आले, कोणाच्या गावी कोण आजारी आहे, कोणत्या मुलीला कोणाचा दूरध्वनी येतो, हे सारे चार लोकांच्या देखत बोलावे लागे. खाजगीपणाचा अभाव सर्वांनाच सोसावा लागत असला तरी तो स्त्रियांना अधिक जाचक होता. ज्या वसाहतीत जानेवारी १९७४ मध्ये जातीय तणावातून दंगल उसळली आणि पोलीस व जमावाच्या कारवाईला दलित पँथरच्या कार्यकर्त्यांना तोंड द्यावे लागले, तिथे कोणी कोणाच्या उंबऱ्यावर जाऊन दूरध्वनी मागू शकत होते, हा प्रश्नही वरवरचा नाही. शेजार सर्वांना सारखाच खुला होता असे गृहीत धरणे इतिहासाला धरून होणार नाही.

आता कायद्याची बाजू पाहू. भारतीय तार नियमावली, १९५१ मधील नियम ४२७ नुसार आपल्या दूरध्वनीच्या वापराला दूरध्वनीधारक व्यक्तिशः जबाबदार असे. त्रास देणारा, अश्लील किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक ठरणारा संदेश त्यावरून जाता कामा नये. देयक थकले तर नोटीस न देताही जोडणी तोडण्याचा अधिकार खात्याला होता. म्हणजे वीस घरांतील कोणीही बोलले तरी दायित्व एकाच घराचे. वरळीच्या संदर्भात ही तरतूद केवळ कागदी नव्हती. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील तारेने येणाऱ्या भावांवर चालणारा आकड्यांचा जुगार त्या भावांचा स्रोत बंद झाल्यावर १९६० च्या दशकात ‘वरळी मटका’ या नव्या रूपात फोफावला, आणि आकडा शहरभर पोहोचविण्यात दूरध्वनीचा हात मोठा होता. आपल्या दूरध्वनीवरून कोण काय बोलतो याची धास्ती धारकाला वाटणे स्वाभाविक होते. सट्ट्याच्या संशयावरून दूरध्वनी तोडल्याचा प्रश्न ‘हुकमचंद श्यामलाल विरुद्ध भारत सरकार’ (१९७६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नियमात सांगितलेली ‘आणीबाणीची परिस्थिती’ खरोखर आहे याबद्दल अधिकाऱ्याने स्वतःचे समाधान करून घेतल्याशिवाय दूरध्वनी तोडता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. धारकाला मिळालेले हे संरक्षण मोलाचे होते. मात्र जोडणी तुटली म्हणून ज्यांचा ‘पी.पी.’ क्रमांक गेला, त्यांचा विचार करण्याचे न्यायालयाला काही कारण नव्हते.

तार अधिनियमाच्या कलम ७-ब मध्ये एक शब्दयोजना लक्षणीय आहे. तार, उपकरण किंवा यंत्रसामग्री ‘ज्या व्यक्तीच्या लाभासाठी’ पुरविली आहे तिच्यात आणि तार प्राधिकरणात वाद उद्भवल्यास तो लवादाकडे जाईल, असे हे कलम सांगते. ‘लाभासाठी’ हा शब्द शब्दशः घेतला तर चाळीतील वीसही घरे त्यात येतात. व्यवहारात ‘लाभ’ म्हणजे देयकावरचे नाव, एवढाच त्याचा अर्थ राहिला.

पिवळी पाटी

१९८१ साली नेमलेल्या सरीन समितीने दूरसंचार यंत्रणेच्या पुनर्रचनेची आणि अंकीय तंत्रज्ञानाकडे वळण्याची शिफारस केली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापन झाली, १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली आणि १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आले. याच दशकात, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने वरळी–परळच्या अर्थव्यवस्थेचा कणा मोडला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले होते आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही. या दोन घटनांचा परस्परांशी थेट कार्यकारणसंबंध नाही. परंतु चाळीच्या तळाशी त्यांची गाठ पडली ती सार्वजनिक दूरध्वनी केंद्राच्या रूपाने.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘एसटीडी–आयएसडी–पीसीओ’ लिहिलेली टपरी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शहरभर दिसू लागली. जागा थोडी लागे, भांडवल माफक असे आणि कमिशनवर कुटुंबाचा चरितार्थ चाले. वाटपात अपंगांना अग्रक्रम होता. धोरणाच्या दृष्टीने या टपरीचे महत्त्व वेगळेच आहे. दूरध्वनी नावावर नसलेला माणूस येथे सेवेचा अधिकृत ग्राहक ठरला. त्याला मीटर दिसत होता, छापील पावती मिळत होती आणि कोणाचे उपकार घ्यावे लागत नव्हते. रात्री उशिराच्या सवलतीच्या दरासाठी टपरीसमोर लागणारी रांग हे या काळाचे चित्र आहे.

टपरीला दुसरे टोकही हवे होते. वरळीहून बोलायचे तर चिपळूण किंवा पाटणच्या गावात दूरध्वनी असायला हवा. सी-डॉटने तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र वातानुकूलनाशिवाय, धुळीत व उष्म्यात चालेल असे बनविलेले होते. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसविले गेले आणि पुढे देशभर पसरले. एरवी तार म्हणजे बहुधा मृत्यूची बातमी, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळी म्हणजे खुशाली, एवढाच ज्यांचा गावाशी संपर्क होता, त्यांना आवाज ऐकू येऊ लागला. गावातही तो दूरध्वनी बहुधा ग्रामपंचायतीत किंवा दुकानात, म्हणजे ‘पी.पी.’च असे. आधी निरोप द्यायचा, अर्ध्या तासाने पुन्हा लावायचा, हा रिवाज दोन्ही टोकांना सारखाच होता.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाची चर्चा खाजगी कंपन्यांच्या प्रवेशापुरती होते. त्यातील एका उद्दिष्टाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. देशात दर शंभर माणसांमागे सुमारे ०.८ दूरध्वनी आहेत, प्रतीक्षायादीत सुमारे २५ लाख अर्जदार आहेत, अशी कबुली देऊन त्या धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे ठरविले आणि शहरी भागात दर ५०० लोकांमागे एक सार्वजनिक दूरध्वनी पुरविण्याचे लक्ष्य ठेवले. हे प्रमाण वरळीला लावून पाहण्यासारखे आहे. १२१ चाळी, प्रत्येकी ८० खोल्या म्हणजे ९,६८० खोल्या. खोलीमागे पाच माणसे धरली, आणि हा आकडा मुळीच वाढीव नाही, तरी लोकसंख्या ४८,००० च्या पुढे जाते. त्यानुसार सुमारे ९७ सार्वजनिक दूरध्वनी लागतात. एका चाळीत ४०० माणसे धरली तर जवळपास प्रत्येक चाळीच्या दारात एक. शहरी गरिबाचा दूरध्वनी हा घरातला नसून दारातला असेल, हे धोरणाने उघडपणे मान्य केल्याचा हा एकमेव ठळक प्रसंग म्हणावा लागेल. चाळीत जे आपोआप घडत होते तेच येथे धोरण म्हणून मांडले गेले होते.

नियामक आणि शहरी गरीब

१९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) स्थापन झाले. सेवा देणारे आणि नियम करणारे एकच असू नयेत, हे तत्त्व त्यामागे होते आणि ते योग्यच होते. २००० च्या दुरुस्तीने तंट्यांसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आले. प्राधिकरणाच्या १९९९ च्या दर आदेशाने लांब अंतरावरील संभाषणाचे दर उतरविले, मासिक भाडे वाढविले आणि स्थानिक संभाषणाच्या एका एककाचा अवधी पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणला. दर खर्चाशी सुसंगत असावेत हा त्यामागील अर्थशास्त्रीय युक्तिवाद. लांब अंतराच्या महाग दरांतून स्थानिक सेवा स्वस्त ठेवण्याची जुनी रीत स्पर्धेच्या युगात टिकणारी नव्हती, हे मान्य करावे लागेल. सामाईक दूरध्वनीवर मात्र या तीन मिनिटांचा परिणाम घरगुती दूरध्वनीपेक्षा अधिक होतो. बोळाच्या दुसऱ्या टोकाहून माणूस बोलावून आणेपर्यंतच एक एकक संपते. प्राधिकरणाच्या कायद्याने पारदर्शकता बंधनकारक केली आहे आणि सल्लामसलतीचे मसुदे खुले असतात, ही लोकशाहीला साजेशी पद्धत होय. ते मसुदे बहुतांशी इंग्रजीत असतात आणि त्यांवर मते मांडणाऱ्यांत सेवापुरवठादार कंपन्यांचाच भरणा असतो, हेही तितकेच खरे.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने दूरध्वनी घनतेची लक्ष्ये ठरविली : २००५ पर्यंत ७ आणि २०१० पर्यंत १५. सार्वत्रिक सेवेचे दायित्व निश्चित झाले आणि त्यासाठीचा निधी २००२ मध्ये सुरू झाला. तार अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीने या निधीला वैधानिक आधार दिला, पण त्याची व्याख्या ‘ग्रामीण व दुर्गम भागा’पुरती ठेवली. ग्रामीण भागाची गरज मोठी होती याबद्दल दुमत नाही. आक्षेप आहे तो मोजण्याच्या पद्धतीवर. शहराची घनता सरासरीने मोजली जाते. वरळी सी-फेसवरील घरातील तीन दूरध्वनी आणि हाकेच्या अंतरावरील बोळातील वीस घरांचा एक दूरध्वनी यांची बेरीज करून भागाकार केला की उत्तर समाधानकारक येते. १९९४ चा ‘५०० माणसांमागे एक’ हा निकष निदान माणसांपासून सुरू होत होता. घनतेचा निकष जोडण्यांपासून सुरू होतो. शहरी गरीब या बदलात धोरणाच्या बाहेर पडला आणि ते कोणाच्या फारसे ध्यानातही आले नाही.

मिस्ड कॉल

मुंबईत मोबाइल सेवा १९९५ मध्ये आली. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरातील दर आणि येणाऱ्या संभाषणालाही आकार, यामुळे ती चाळीपासून फार दूर होती. बोलावणाऱ्यानेच पैसे द्यावेत ही पद्धत आणण्याचा प्राधिकरणाचा पहिला प्रयत्न दिल्ली उच्च न्यायालयात २००० साली फसला. मे २००३ पासून ती अमलात आली आणि येणारा कॉल निःशुल्क झाला. त्याच सुमारास नव्या कंपन्यांच्या स्पर्धेने दर कोसळले. २००४ च्या उत्तरार्धात देशातील मोबाइलची संख्या तारेच्या दूरध्वनीहून अधिक झाली. चाळीतील दूरध्वनीचा प्रश्न कोणत्याही कल्याणकारी योजनेने सोडविला नाही. तो दर आकारणीच्या एका तांत्रिक नियमाने आणि बाजारातील स्पर्धेने सुटला, ही गोष्ट नियमनाच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनी सारखीच ध्यानात घ्यावी अशी आहे.

या नियमातून ‘मिस्ड कॉल’ जन्माला आला. उचलल्याशिवाय आकार नाही आणि येणाऱ्याला आकार नाही, या दोन्हींच्या फटीत एक विनामूल्य भाषा तयार झाली. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. बोळातून नाव पुकारण्याची जागा या घंटेने घेतली. पिवळ्या पाट्या एकेक करून उतरल्या. नाण्याची लाल पेटी काही काळ पानपट्टीवर टिकून राहिली, मग तीही गेली. टपरीवर ज्यांचे पोट होते त्यांच्यासाठी मात्र हे दुसरे विस्थापन होते. निगमाची स्थितीही खालावत गेली. जानेवारी २०२० अखेर १४,००० हून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले.

तक्रारीच्या हक्काचा प्रवास याहून वाकडा आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. कृष्णन प्रकरणात कलम ७-ब चा आधार घेऊन दूरध्वनी देयकाचे वाद ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर ठेवले. हाताशी असलेल्या जिल्हा मंचाऐवजी लवादाची वाट धरणे सामान्य माणसाला कितपत शक्य होते, याचे उत्तर सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया प्रकरणात न्यायालयाने कलम ७-ब मुळे ग्राहक मंचाचा अधिकार संपुष्टात येत नाही असा निर्णय दिला. मधली तेरा वर्षे धारकालाही दाद मागणे कठीण होते. शेजाऱ्याचा प्रश्न तर दूरच.

नवा कायदा, नवी इमारत

दूरसंचार अधिनियम, २०२३ ने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली असून त्यातील बऱ्याच तरतुदी जून–जुलै २०२४ पासून अमलात आल्या आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यात दोन बदल महत्त्वाचे आहेत. सार्वत्रिक सेवा निधीचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर होऊन त्याच्या उद्दिष्टांत अपुरी सेवा असलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर ‘शहरी’ भागांचाही समावेश झाला. वीस वर्षांपूर्वी गळालेला शब्द परत आला. दुसरा बदल ‘वापरकर्ता’ या संज्ञेचा. सेवा वापरणारी किंवा मागणारी व्यक्ती अशी तिची व्याख्या कायद्यातच आहे. वरवर पाहता चाळीतील शेजाऱ्याला कायद्याने अखेर ओळखले असे वाटावे. परंतु हा वापरकर्ता म्हणजे ओळख पटविलेली एक व्यक्ती होय. पडताळण्याजोग्या जैवमितीय ओळखीची तरतूद कायद्यात आहे. आपली ओळख देताना खोटी माहिती देणे, माहिती दडविणे किंवा दुसऱ्याच्या नावाने वावरणे याला मनाई आहे. सिमकार्डांच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीचे प्रमाण पाहता या तरतुदी अनाठायी म्हणता येत नाहीत. तथापि एकाच्या नावाचा क्रमांक अनेकांनी वापरणे, हा जो चाळीचा साधा व्यवहार होता, तो आता संशयाच्या छायेत आला आहे. आणि तो व्यवहार पूर्णपणे संपलेला नाही. बँकेचा संकेतांक सुनेच्या मोबाइलवर येतो आणि निवृत्तिवेतन सासूचे असते. शिधापत्रिकेला, गॅस जोडणीला, शाळेच्या गटाला मुलाचा क्रमांक दिलेला असतो. फॉर्मवर कंसात ‘पी.पी.’ लिहिण्याची सोय तेवढी उरलेली नाही.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत असून वरळी येथील कामाचा प्रारंभ ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. घराचे क्षेत्रफळ ५०० चौरस फूट. जुन्या खोलीच्या तिप्पटीहून अधिक जागा, स्वतंत्र शौचालय आणि बंद होणारे दार यांचे मोल रहिवाशांनी तीन पिढ्या मोजलेले आहे. पाडलेल्या चाळींबरोबर जिन्याखालच्या भिंतीवरच्या दहा जोड्यांच्या पेट्याही निघाल्या. त्यांतल्या प्रत्येक जोडीची खात्याकडे एका नावाने नोंद होती.